लेडीज चेकिंग

नोकरीला लागले तेव्हा हातात जो कागद मिळाला त्यावर लिहिलं होतं, ‘सेल्स असोसिएट, लेडीज अँड किड्स वेअर’. तो कागद मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवला. आमच्या पाड्यावरच्या बायकांनी कधी कमावलंच नव्हतं असं नाही. आई कित्येक वर्षं किनाऱ्याकडच्या वाड्यांमध्ये चिकू निवडायला जायची, मावशी डहाणूला फुग्यांच्या कारखान्यात होती. पण त्यांना कुणी कागद दिला नव्हता. सकाळी नाक्यावर उभं राहायचं, नेतील तर जायचं. मी कोसबाडला राहून बारावी केलेली, मराठी, हिंदी आणि कामापुरती गुजराती बोलणारी. त्यामुळे चारोटीला हायवेवर ते काचेचं दुमजली मार्ट उघडलं तेव्हा मला लगेच घेतलं. आमचं गाव सायवनच्याही आत. रोज शेअरच्या इको गाडीने कासा आणि कासाहून चारोटी. पण डोक्यावर एसी, पायाखाली फरशी, उन्हात मरायचं नाही, म्हणून आई चार लोकांना सांगत सुटली. आईला कशाला बोलू, मीही सांगत सुटले होते.

कपड्यांच्या घड्या घालणं आणि गिऱ्हाइकाला माप काढून देणं हे माझं काम. ते मी महिनाभर केलं असेल. मग झाडूवाली आली नाही म्हणून फरशी पुसली. गाडी खाली करायला माणसं कमी पडली म्हणून साखरेची पोती ओढली. एसी गळायला लागला तेव्हा बादल्या उपसल्या. दर वेळी आमचे मॅनेजर, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, जवळ येऊन हळू आवाजात म्हणायचे, “आजच्या दिवस अ‍ॅडजस्ट कर ना.” सर वाईट नव्हते. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढं जे येणार आहे त्यात कुणाला तरी वाईट ठरवलं की बरं वाटतं, आणि ती सोय मला करून द्यायची नाही. ते किनाऱ्याकडच्या वाडीवाल्यांच्या घरातले. भावांत वाटण्या होऊन वाट्याला जेमतेम झाडं आली, म्हणून नोकरीत आले. वरून फोन आला की उभे राहून बोलायचे. मी चिडायचे, पण माझा राग असा की तो जागेवर कधीच येत नाही. घरी पोचल्यावर येतो आणि भांड्यांवर निघतो. आई म्हणायची, “सायबाचा राग माझ्या टोपांवर काहां काढतेस?”

एक जास्तीचं काम मात्र मला मनापासून आवडलं होतं. माईकवर आमच्या बोलीत सूचना द्यायच्या. पिशव्या बाहेर ठेवा, पोरांना सांभाळा, तांदूळ वरच्या मजल्यावर आहे. आपली बोली एवढ्या मोठ्या स्पीकरवरून येते म्हटल्यावर पाड्यावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या आणि माझ्याकडे बोट दाखवायच्या. त्या दोन-तीन महिन्यांत मला वाटायचं की हे मार्ट थोडंसं आमचंही आहे. किती मूर्ख होते मी.

मग एकदा माल मोजला आणि तो कमी भरला. सरांनी मला मागच्या खोलीत, खोक्यांच्या राशीत बोलावलं.

“लेडीज चेकिंगला कुणीतरी पाहिजे,” ते म्हणाले. “गार्ड पुरुष आहे, तो बायकांना हात लावू शकत नाही. आणि वरचे लेडी गार्ड द्यायला तयार नाहीत. तू कर.”

“सर, मी कपड्याला आहे.”

“मग कपडेच तर तपासायचेत,” ते हसले आणि स्वतःचीच लाज वाटल्यासारखे एका खोक्याची चिकटपट्टी दाबून बसवायला लागले. मग म्हणाले, “हे बघ, तू त्यांच्यातलीच आहेस. त्या कुठं काय ठेवतात ते तुला माहीत असतं.”

त्यांच्यातलीच. म्हणजे मार्टमध्ये सहा महिने घासूनही मी इथली झाले नव्हते, आणि उद्यापासून तिथलीही राहणार नव्हते. हे मला तेव्हा कळलं होतं का? कळलं होतं. तरी मी मान हलवली. सहा महिन्यांनी कायम करू असं सांगितलेलं होतं आणि सहावा महिना चालू होता. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, पण इथं गाढव कोण आणि हरी कोण हेसुद्धा मी नीट पाहिलं नाही.

कुणाला थांबवायचं हे कुठं लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. मुंबईहून सुरतेकडे निघालेल्या गाडीतून उतरलेल्या बाईच्या खांद्याला पोत्याएवढी पर्स असली तरी गार्ड तिला सलाम करायचा. गुडघ्यापर्यंत लुगडं नेसलेली बाई दिसली की तो माझ्याकडे बघायचा. आणि मी जायचे. आमच्याकडच्या बायका कमरेशी लुगड्याच्या ज्या पिळात पैसाअडका खोचतात ती कनवट. त्यांची पर्स तीच आणि कपाटही तेच. वर्षभरात मी किती कनवटी चाचपल्या याची गणती नाही. तंबाखूची चंची, इकोचं भाडं, अर्धी खाल्लेली गोळ्यांची पट्टी, रेशनची पावती. एकीच्या कनवटीला कागदात बांधलेलं बाळाचं जावळ निघालं, ती महालक्ष्मीला निघाली होती. ते मी परत खोचून दिलं आणि ती “बाय, नीट बांध” एवढंच म्हणाली. चोरी सापडली दोनदाच. त्यातली एक बाई गाडीतून उतरलेली होती, आणि ती मला नाही, कॅमेऱ्याला सापडली.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करा म्हणून लिहिली होती, गुणही मिळाले होते. आता इकोत माझ्या शेजारची जागा शेवटी भरायला लागली. कुणी तोंडावर काही बोलत नव्हतं. फक्त माझ्या शेजारी बसताना बायका कनवटीवर हात ठेवायच्या.

त्यातच माझं लग्न ठरलं. मुलगा तलासरीकडचा, उंबरगावच्या कंपनीत जाणारा. मी खूश होते. आणि सगळ्यात जास्त खूश होते ते लग्न कोण लावणार या विचारानं.

आमच्यात लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते. ती गाणी म्हणत एकेका देवाला मांडवात बोलावते आणि तिच्या गाण्यावर लग्न लागतं. आमच्या पाड्याची धवलेरी एक म्हातारी. सगळे तिला डोकरी म्हणायचे, आमच्यात त्या शब्दात काही उणं नाही. आईचं लग्न तिनंच लावलेलं. लहानपणी दुसऱ्यांच्या लग्नांत मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचे आणि ती गाता गाता माझ्या पाठीवर ठेका धरायची. दर वेळी म्हणायची, “तुझां लगीन लावल्याबिगर मी मरायची नीही.” शाळेला गेले, वसतिगृहात राहिले, पँट घालायला लागले, मार्टात आले, पण माझं लग्न लागेल ते हिच्याच आवाजात, याबद्दल मला कधी शंका आली नाही. मला दागिने नको होते, बँड नको होता. मला तो आवाज हवा होता.

लग्नाच्या खरेदीला धवलेरी बरोबर जाते. आमच्या पाड्याची रीत अशी की नवरीचं कुंकू तिनं स्वतःच्या हातानं उचलायचं, कपाळाला लावायचं, पदरातून आणलेल्या तांदळाच्या दाण्यांबरोबर फडक्यात बांधायचं आणि कनवटीला खोचायचं. एकदा बांधलं की ती गाठ लग्नाच्या मांडवातच सुटायची. मधे ते कुंकू खाली ठेवायचं नाही, दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही. आठवडी बाजारातल्या सगळ्या दुकानदारांना हे माहीत आहे. धवलेरी आली की ते म्हणतात, “बांध डोकरे, बांध.” ती आधी बांधते आणि मग दुकानाच्या तोंडाशी जो बसलेला असतो त्याच्या हातात पैसे देते.

खरेदी बाजारात करायची की मार्टात, यावरून घरात थोडी कुरबुर झाली. डोकरी म्हणाली, “काचेच्या दुकानात कुकू घेत नीहीत.” मी हट्ट धरला. स्टाफच्या घरच्यांना सूट होती, आणि खरं सांगायचं तर मला मिरवायचं होतं. आईनं तिची समजूत काढली.

त्या दिवशी नेमके एरियाचे साहेब पाहणीला आलेले. सकाळी मीटिंग झाली. साहेबांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, चेकिंग पडद्याआड नको, गेटवर कॅमेऱ्यासमोर करा, म्हणजे नंतर वाद नाही. दुसरी, स्टाफच्या ओळखीचं माणूस सापडलं तर तो स्टाफही सामील धरला जाईल. ही धमकी पोकळ नव्हती. आमच्यातल्या एका मुलीच्या चुलतबहिणीच्या केसांत लेबल न काढलेली क्लिप सापडली म्हणून महिन्यापूर्वी त्या मुलीला काढलं होतं. मीटिंग संपल्यावर मी आठ दिवसांच्या रजेचा अर्ज सरांकडे दिला आणि सरांनी तो साहेबांच्या फायलीत ठेवला. लग्नाला बारा दिवस राहिले होते.

अकराच्या सुमाराला आई, मामी आणि डोकरी आल्या. मी अर्धा तास त्यांना साड्या दाखवल्या. डोकरी प्रत्येक साडीचा पोत बोटांनी बघायची आणि नाक मुरडायची. मग त्या खाली गेल्या आणि मी माझ्या जागेवर. वरच्या कठड्यावरून खालचं पूजेच्या सामानाचं रॅक दिसतं. तिथं मला ती दिसली. तिनं कुंकवाची पुडी उचलली, कपाळाला लावली, फडक्यात तांदळावर ठेवली, गाठ मारली आणि खोचली. मी हे सगळं माझ्या डोळ्यांनी पाहिलं. गाठ मारताना तिनं वर बघितलं आणि मला बघून हसली. त्यामुळे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

आई आणि मामी बिलाच्या रांगेत लागल्या. रांग लांब होती आणि साबणाच्या खोक्यांच्या मनोऱ्यामागे वळलेली. डोकरीला एसीची थंडी सोसेना म्हणून ती दाराकडे निघाली. पैसे तिनं आधीच मुठीत काढून ठेवले होते. आणि दाराशी गार्ड होता. दुकानाच्या तोंडाशी उभा असलेला माणूस, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे हात पुढं करणारा. तो हात बिल बघायला पुढं केलेला असतो, हे तिला कुणी सांगितलं होतं? तिनं मूठ उघडून पैसे त्याच्या हातावर ठेवले.

“पैसे देतेय!” गार्ड ओरडला. “साहेब, कमरेला काहीतरी आहे आणि मला पैसे देतेय!”

साहेब तिथंच उभे होते. सर माईककडे धावले. “लेडीज चेकिंग, गेट.” मी जिना उतरले. त्या जिन्याला बावीस पायऱ्या आहेत. खाली पोचेपर्यंत मला काय बोलायचं ते पाठ झालं होतं. साहेब, ही आमची धवलेरी आहे, ही रीत आहे, ती पैसेच देत होती, बिल मी करून आणते. एवढंच. दहावीच्या पोरीलाही जमलं असतं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “तुझ्या ओळखीची आहे का?”

“नाही,” मी म्हणाले.

ते कसं बाहेर आलं हे मी हजार वेळा आठवून पाहिलंय. मी विचार केला नव्हता. रजा, नोकरी, त्या क्लिपवाल्या मुलीचा रडून सुजलेला चेहरा, असलं काही डोक्यात आलं नव्हतं, ती कारणं मी नंतर शोधली. साहेबांनी विचारलं आणि ‘नाही’ आलं. जणू ते वर्षभर जिभेवर तयारच होतं.

मग मी डोकरीकडे वळले आणि तिला म्हणाले, “आजी, हात वर करा.”

तिनं हात वर केले. गार्डनं परत केलेले पैसे एका मुठीत तसेच होते. मी फक्त कनवटीकडे बघत होते. गाठ घट्ट होती, नखानं सोडावी लागली. फडकं उलगडलं, पुडी माझ्या हातात आली आणि तांदूळ फरशीवर पडले. फरशी इतकी चकचकीत की एकेक दाणा लांबपर्यंत घरंगळला. मी पुडी काउंटरवर ठेवली. खाली ठेवली.

“एवढ्याशा कुंकवासाठी!” साहेब हसले. त्यांनी मन मोठं केलं. “म्हातारी आहे, जाऊ द्या. बिल करा आणि सोडा.” मग सरांना म्हणाले, “बघितलंत? चेकिंग असं पाहिजे. आवाज नाही, वाद नाही.” आणि फाईल उघडून तिथल्या तिथं माझ्या रजेच्या अर्जावर सही केली.

डोकरीनं पैसे काउंटरवर ठेवले. पुडी उचलली नाही. रिकामं फडकं कनवटीला खोचलं आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली. मी तिच्यामागे जायला हवं होतं. सर म्हणाले, “अगं, ते तांदूळ गोळा कर, कुणीतरी घसरेल.” झाडूवाली त्या दिवशीही आली नव्हती. मी झाडू आणला आणि माझ्या लग्नाचे तांदूळ केर भरावा तसे सुपडीत भरले.

संध्याकाळी घरी गेले तेव्हा आई चुलीपुढं बसली होती आणि चूल पेटलेली नव्हती. तिला एवढंच कळलं होतं की कुंकवाची गाठ सुटली. बाहेर आल्यावर तिनं डोकरीला विचारलं होतं, कुणी सोडली? डोकरी म्हणाली होती, “दुकानातली बाय होती कोनी. मी काय वळखत नीही तिला.”

माझं वाक्य तिनं जसंच्या तसं मला परत केलं होतं, आणि तेही मला वाचवायला.

“तू कुठं होतीस गं?” आईनं विचारलं.

“वर होते,” मी म्हणाले.

“कोन आहे ती? तुला म्हाईत असंल.”

“नवीन आहे. बाहेरची आहे. साहेब आले म्हणून आज चेकिंगला तिला उभं केलं होतं, मला वर ठेवलं.”

तेव्हा आईनं मोडकी काटकी जमिनीवर आपटली आणि म्हणाली, “तिचं हात गळून पडोत. तिच्या लग्नाचां कुकू तिला धार्जिणां न होवो.” आई शिव्याशाप देणारी बाई नाही. माझ्या आठवणीत तिनं तेवढाच एक शाप दिला. मी पाणी आणायला म्हणून हंडा उचलला आणि बाहेर पडले. त्या दिवशी भांडी आपटायला राग आलाच नाही. काहीच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आई नारळ घेऊन डोकरीकडे गेली. बाजारातून दुसरं कुंकू आणू, पुन्हा बांध, म्हणून पाया पडली. डोकरी म्हणाली, गाठ एकदाच बांधायची असते. जिच्या कनवटीतून ती मधेच सुटली तिनं ते लग्न लावलं तर पोरीला बाधतं. “माझ्या जीवावर येतां, पन मी लावायची नीही. दुसरी बघ.” आई दोनदा गेली, मामी गेली, शेवटी बाबा गेले. मी गेले नाही. मी जाऊन पाय धरले असते, आईला खरं सांगितलं असतं, तर डोकरी कदाचित बधली असती. निदान तिला कळलं असतं की मला लाज वाटते. पण बारा दिवस मी रोज उद्या जाऊ म्हणत राहिले. माणूस एकदा खोटं बोलतो आणि मग त्या खोट्याची राखण करत बसतो, दुसरं काही करायला त्याला वेळच उरत नाही.

नवऱ्याकडच्यांनी तलासरीच्या बाजूची एक धवलेरी ठरवली. तिची गाणी चांगली होती, पण आमची नव्हती. आमच्या बायकांना तिच्यामागे ओळ धरता येईना, मधे मधे सगळ्या गप्प व्हायच्या आणि तिचा एकटीचाच आवाज मांडवात राहायचा. आई हळदीच्या हातांनी डोळे पुसत होती. पाहुण्यांना वाटलं, पोर जाणार म्हणून रडते.

डोकरी लग्नाला आली होती. बायकांच्या घोळक्यात मागं बसली, जेवली. गायली नाही. निघताना माझ्यापाशी आली, डोक्यावर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. मी वाट बघत होते की आता ती काही बोलेल, एक थप्पड मारेल, सगळ्यांसमोर सांगेल. मला ते हवं होतं, देवाशपथ हवं होतं. ती हात काढून घेऊन चालू लागली. त्यानंतर दोन पावसाळे झाले. माहेरी गेले की मी मागच्या वाटेनं जाते, तिचं घर पुढच्या वाटेवर आहे म्हणून.

लग्नानंतर मी तलासरीच्या शाखेत बदली घेतली. माझं नाव साहेबांच्या लक्षात होतं. मला सिनियर केलं, पगार वाढला, आणि नव्या मुलींना चेकिंग शिकवायचं काम माझ्याकडे दिलं. तेही कुठल्या कागदावर लिहिलेलं नाही. सोमवारी मागच्या खोलीत चार-पाच मुली बसवायच्या, टीव्हीवर मार्टच्या कॅमेऱ्यातल्या क्लिपा लावायच्या आणि कुठं काय चुकलं, कुठं बरोबर केलं ते सांगायचं. ‘बरोबर’ म्हणून जी क्लिप पाठवली आहे ती माझी आहे. अंगावर मार्टचा टी-शर्ट, पाठ कॅमेऱ्याकडे, त्यामुळे मी ओळखू येत नाही. डोकरी ओळखू येते. तिचा चेहरा सरळ कॅमेऱ्याकडे आहे, हात वर आहेत आणि ओठ हलताहेत. क्लिपला आवाज नाही.

आवाज मला माहीत आहे. मी एका हाताच्या अंतरावर होते आणि ती आमच्या बोलीत बोलत होती, जी तिथं दुसऱ्या कुणाला येत नव्हती. हे मी आईला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. ती माझ्याशी बोलतच नव्हती. गाण्यात देवांना बोलवते त्या सुरात, पुटपुटत, ती देवाला सांगत होती, “पोर नेणती हाय. तिच्यावर धरू नको. धरायचां तं माझ्यावर धर.” गाठ सुटेपर्यंत ती हेच म्हणत राहिली.

परवाच्या सोमवारी आलेल्या मुलींत एक सायवनकडची होती. आमच्याच बाजूची, नवा टी-शर्ट, केसांना तेल, मांडीवर वही. तिनं क्लिप बघता बघता हात वर केला.

“मॅडम, ही डोकरी काय बोलते?”

“शिव्या देते,” मी म्हणाले. “देतात अशा. लक्ष द्यायचं नाही, आपण आपलं काम करायचं.”

तिनं मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं.